‘सपाट पाय’ : एका निदानवाचक संज्ञेची चिकित्सा

अहिल्यानगर जिल्ह्याचा, म्हणजे २०२४ पर्यंत ज्याचे नाव अहमदनगर असे होते त्या जिल्ह्याचा, लष्कराशी असलेला संबंध जुना आहे. चिलखती दलाचे केंद्र व विद्यालय १९४८ पासून नगर येथे आहे. यांत्रिक पायदळाचे केंद्रही येथेच आहे. साहजिकच सैन्यभरतीची तयारी करणारे तरुण या भागात गावोगाव आढळतात, आणि उंची, छाती, धाव यांच्या जोडीने त्यांच्या बोलण्यात ‘सपाट पाय’ हा शब्द हटकून येतो. घरच्या फरशीवर ओले पाऊल उमटवावयाचे, ठशाचा मधला भाग भरलेला दिसला की आपण अपात्र आहोत असे मानावयाचे, आणि कित्येकदा वैद्यकीय तपासणीपर्यंत न जाताच माघार घ्यावयाची, हा क्रम प्रस्तुत लेखकाने आपल्या विद्यार्थ्यांतही पाहिला आहे. या तरुणांचा निर्णय कोणी केला? वैद्याने खचित नव्हे. तो एका शब्दाने केला. म्हणूनच त्या शब्दाची चिकित्सा करणे हे भाषाभ्यासकाचेही काम ठरते.

प्रथम शब्दाची घडण पाहू. मराठीत ‘पाय’ हा शब्द मांडीपासून तळव्यापर्यंतच्या सर्व अवयवास लागतो. त्यामुळे ‘सपाट पाय’ म्हणताना नेमके काय सपाट, हे शब्द सांगत नाही. ‘पाऊल’ हा शब्द अधिक नेमका खरा, परंतु त्याची अडचण वेगळीच आहे. पाऊल म्हणजे घोट्याखालचा अवयव. पाऊल म्हणजे त्या अवयवाचा जमिनीवरील ठसा. आणि पाऊल म्हणजे चालताना टाकलेले एक पद. अवयव, चिन्ह आणि क्रिया असे तीन अर्थ एकाच शब्दात नांदतात. बोलीव्यवहारात याने काही बिघडत नाही. निदानात मात्र बिघडते, कारण ठसा सपाट म्हणजे अवयव सदोष आणि अवयव सदोष म्हणजे चाल अधू, अशी तीन पायऱ्यांची अनुमानमालिका शब्दाच्या आडोशाने नकळत पूर्ण होते. यांपैकी एकही पायरी आपोआप सिद्ध होणारी नाही.

या शब्दामागे सौंदर्याची एक कल्पनाही उभी आहे. गौरीच्या सणाला मुठीची कड पिठात बुडवून उमटवलेली आणि वर पाच ठिपके दिलेली लक्ष्मीची पावले आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्या आकृतीत आतली बाजू खोलगट असते. शुभ पावलाचा हा नमुना डोळ्यांत बसला की भरलेला ठसा ‘फताडा’ वाटू लागतो, आणि ‘फताडे पाय’ या शब्दात वर्णनापेक्षा हेटाळणीच अधिक आहे. पण हा संकेत सर्वकालीन नाही. दीघनिकायातील लक्खणसुत्तात महापुरुषाची बत्तीस लक्षणे दिली आहेत. त्यांत पहिलेच लक्षण जमिनीवर सर्व बाजूंनी समतल टेकणाऱ्या पावलाचे, ‘सुप्रतिष्ठितपाद’ असण्याचे आहे. एका परंपरेत जे वैगुण्य तेच दुसरीत महत्तेचे चिन्ह. सारांश, ठशाला स्वतःचा अर्थ नसतो. तो वाचणाराच देतो.

वैद्यकशास्त्र हा ठसा कसा वाचते? लहान मुलाचे पाऊल बहुधा सपाटच दिसते. तळव्याखालची चरबी आणि सैल अस्थिबंध ही त्याची कारणे. वयाच्या पहिल्या दशकात कमान हळूहळू प्रकट होते. काहींच्या बाबतीत ती उभे राहिल्यावर पुढेही दबलेलीच राहते, पण भार काढताच परत येते. हाच तो ‘लवचिक’ प्रकार. त्याच्या परीक्षा साध्या आहेत. मुलास चवड्यांवर उभे करावे : कमान उठते आणि बाहेरच्या अंगास झुकलेली टाच आत वळते. किंवा उभ्या स्थितीतच पायाचा अंगठा वर उचलावा, तरीही कमान उठते. ही दुसरी परीक्षा १९५३ च्या सुमारास जॅक यांच्या नावाने रूढ झाली. तिचे कारण १९५४ साली हिक्स यांनी स्पष्ट केले : तळव्यातील जाड पापुद्रा अंगठ्याच्या सांध्याभोवती गुंडाळला जातो आणि टाच व चवडा यांना जवळ ओढतो. रहाटावर दोर गुंडाळला जाऊन पोहरा वर यावा, तशी कमान वर येते. जेथे चवड्यांवर उभे राहूनही ती उठत नाही व टाच वळत नाही, तेथे पाऊल ताठ आहे असे समजून दोन हाडे जन्मतः जुळली आहेत काय, याचा शोध घ्यावा लागतो.

वाचकांच्या लक्षात येईल की या सर्व परीक्षांचे उत्तर विशेषणात नसून क्रियापदात आहे. ‘सपाट आहे काय’ हा प्रश्न नव्हे. ‘उठते काय’ हा प्रश्न आहे.

आता प्रतिमांकडे वळू. क्ष-किरणांची प्रतिमा म्हणजे अंतिम सत्य, अशी एक समजूत आहे. ही प्रतिमा रुग्णास उभे करून, पावलावर भार असतानाच घ्यावी लागते. निजवून घेतली तर लवचिक पावलाची दबलेली कमान तीत दिसणारच नाही. बाजूने घेतलेल्या प्रतिमेत घोट्याच्या हाडाचा अक्ष आणि अंगठ्यामागच्या लांब हाडाचा अक्ष जवळजवळ एका रेषेत असावेत, अशी अपेक्षा असते. ती रेषा खालच्या बाजूस चार अंशांहून अधिक मोडली तर कमान दबली आहे असे म्हणतात. यास मेअरीचा कोन असे नाव आहे. टाचेच्या हाडाचा जमिनीशी होणारा कोनही मोजतात. वरून घेतलेल्या प्रतिमेत नौकाकृती हाड घोट्याच्या हाडाच्या डोक्यावरून किती सरकले, हे पाहतात. जुळलेल्या हाडांचा संशय असेल तर तिरकी प्रतिमा आणि सी. टी. स्कॅन, प्रौढ वयात कंडरेला इजा झाली असेल तर एम. आर. आय. किंवा ध्वनिलहरींची तपासणी, असा क्रम लागतो. ही साधने मोलाची आहेत यात शंका नाही. परंतु लवचिक आणि ताठ अशा दोन पावलांत एकच कोन आढळू शकतो. प्रतिमा एका क्षणाची स्थिती सांगते. त्या स्थितीतून पाऊल परत येते की नाही, हे ती एकटी सांगू शकत नाही. म्हणूनच वेदना नसलेल्या, मोकळ्या हालचालीच्या लवचिक पावलासाठी सहसा क्ष-किरणांची गरज मानली जात नाही.

या पार्श्वभूमीवर एक शासकीय मजकूर वाचण्याजोगा आहे. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या परीक्षेसाठी निघणाऱ्या अधिसूचनांच्या वैद्यकीय परिशिष्टात, हवाईदलाच्या निकषांमध्ये, सपाट पावलांविषयी एक कलम आढळते. त्याचा आशय असा : चवड्यांवर उभे राहताच कमान परत येत असेल, उमेदवार चवड्यांवर नीट उड्या मारीत व धावत असेल, आणि पाऊल लवचिक, हलते व वेदनारहित असेल, तर तो ग्राह्य धरावा, उलट, पाऊल ताठ असेल तर त्याचा आकार कोणताही असो, उमेदवार अपात्र ठरावा. कायद्याच्या भाषेत इतका अचूक अर्थविवेक क्वचित आढळतो. आकारास येथे स्पष्टपणे गौण ठरवले आहे आणि सर्व भार क्रियेवर ठेवला आहे. खेदाची गोष्ट ही की गावात पोहोचतो तो फक्त मथळा. ‘तर’ आणि ‘असेल’ ही पदे वाटेतच गळतात.

‘लवचिक सपाट पाऊल-विकृती’ असा पूर्ण अनुवाद केल्याने तरी हे साधेल काय? आमच्या मते नाही. मराठीत ‘लवचिक’ हे प्रशंसेचे विशेषण आहे. शरीर लवचिक असावे, धोरण लवचिक असावे. ‘विकृती’ मात्र संस्कृतात ‘प्रकृतीहून पालटलेले रूप’ एवढाच अर्थ बाळगून असली, तरी आजच्या मराठीत तिला निंदेचा वास येतो. त्यामुळे या संज्ञेतील विशेषण धीर देते आणि नाम भिववते. आणि ऐकणाऱ्या आईबापांच्या मनात नामच उरते. मग ‘खास बुटां’ची खरेदी सुरू होते. वस्तुतः वेंगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या तीन वर्षांच्या तुलनात्मक अभ्यासात असे बूट वा आधार वापरणाऱ्या आणि न वापरणाऱ्या बालकांत लक्षणीय फरक आढळला नव्हता. मणिपालच्या राव आणि जोसेफ यांनी १९९२ साली २,३०० मुलांच्या ठशांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत सपाट पावलांचे प्रमाण पादत्राणे वापरणाऱ्यांत ८·६ टक्के, तर अनवाणी मुलांत २·८ टक्के होते. एवढ्यावरून बूट हेच कारण असे म्हणता येणार नाही. पण उपाय म्हणून बुटांकडे धावण्यापूर्वी थांबावे, इतके तरी त्यावरून निघते.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो रास्त आहे. ‘लवचिक’ म्हणजे ‘निर्दोष’ असे समजून चालणार नाही. हॅरिस आणि बीथ यांनी कॅनडाच्या साडेतीन हजारांवर सैनिकांची पावले तपासली आणि १९४८ साली दाखवून दिले की लवचिक सपाट पावलाबरोबर टाचेमागची कंडरा आखूड असेल, तर वेदना व अपंगता येऊ शकते. ती आखूड नसेल तर बहुधा येत नाही. म्हणून गुडघा सरळ ठेवून पाऊल वर किती वळते, हे पाहणे निदानाचा आवश्यक भाग आहे. आमचा आग्रह दोष झाकण्याचा नाही. दोष जेथे आहे तेथे शब्दाने बोट ठेवावे, एवढाच आहे.

जागतिक परिभाषाही याच दिशेने सरकली आहे. प्रौढपणी येणाऱ्या सपाट पावलास आधी आकारावरून, मग १९८९ च्या सुमारास बिघडलेल्या कंडरेवरून ओळखले जाई. २०२० साली तज्ज्ञांच्या एका गटाने ‘क्रमशः ढासळणारे पाऊल’ अशा अर्थाची संज्ञा सुचवली. नामात क्रिया आली. मराठीतही हे साधण्याजोगे आहे. ‘दबून उठणारी कमान’, ‘आखूड कंडरेसह दबणारी कमान’ आणि ‘न उठणारी कमान’ अशी त्रयी आम्ही विचारार्थ ठेवीत आहोत. तिन्ही शब्द रोग्यास समजतात, आणि तिन्हींत परीक्षेची रीत सामावलेली आहे. या जिल्ह्यात लोणी येथे १९८४ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथील अध्यापकांनी व आपल्या विभागाने एकत्र बसून या संज्ञा रुग्णांच्या तोंडून तपासून पाहाव्यात. त्या टिकल्या नाहीत तर खुशाल टाकाव्यात. पण तोवर ओल्या फरशीवरच्या ठशाकडे पाहून मागे फिरणाऱ्या मुलाला निदान इतके सांगावयास हवे की, बाबा, चवड्यांवर उभा राहा, आणि मग पाहा.