जीभ-खाचेच्या सांध्याची ताकद मोजताना आपण काय विसरतो?

लाकडी फ्लोअरिंगच्या पट्ट्या एकमेकींत अडकवणारा सांधा तुम्ही पाहिला असेल: एका कडेला जीभ, समोरच्या कडेला खाच. तो प्रयोगशाळेत तपासायची रूढ पद्धत मला पटत नाही. नमुना बहुधा २० अंश सेल्सिअस आणि ६५ टक्के आर्द्रतेत ठेवायचा, यंत्रात ताणायचा, तुटताना किती जोर लागला ते लिहायचं. आकडा खरा येतो, पण भलत्याच गोष्टीचा.

ओलाव्याने लाकूड आडवं फुगतं, लांबीत जवळपास नाहीच. हिशोब करून बघा. सागाची १०० मिमी रुंद, वलयांना समांतर चिरलेली पट्टी घ्या. तिच्यातला ओलावा १० वरून १४ टक्क्यांवर गेला की ती साधारण ०.८ मिमी रुंदावते. क्षुल्लक वाटतं ना? ३ मीटरच्या खोलीत अशा ३० पट्ट्या बसतात. म्हणजे २४ मिमी! आणि मुंबईचा जुलै एवढ्यावर थांबत नाही.

म्हणून चांगल्या कामात खाच जिभेपेक्षा किंचित खोल ठेवतात. खिळा जिभेतून तिरका मारतात, दुसरी कड मोकळी राहते. पट्ट्या वरखाली होत नाहीत, आडव्या मात्र सरकतात. सगळ्या खाचांत डिंक भरला की आमच्या यंत्रावर आकडा झकास येतो. खोलीत मात्र सगळ्यांची मिळून एकच फळी होते, पावसाळ्यात भिंतींना टेकते आणि मधोमध उचलते. नमुना आधी ओला-सुका करून किती सरकतो ते मोजा ना, तोडायचा नंतर.