आशा पुथली : एका धाडसी गळ्याचा विचार

गायनांतील धाडस म्हणजे काय, याविषयीं आपल्याकडे एक समज दृढ होऊन बसला आहे. तान जितकी दुर्घट आणि पल्ला जितका लांब, तितकें गाणें धाडसी, असें पुष्कळ श्रोते मानतात. परंतु हें कसरतीचें माप झालें. गळ्यावर झालेले संस्कार टाकून न देतां, जेथें त्यांची कोणास ओळख नाहीं अशा ठिकाणीं त्यांची परीक्षा घेणें, हेंच आमच्या मतें खरें धाडस होय. या दृष्टीनें श्रीमती आशा पुथली यांचें जाझ-गायन विचार करण्याजोगें आहे.

१९४५ सालीं मुंबईंत जन्मलेल्या या गायिकेनें हिंदुस्थानी रागसंगीताची तालीम घेतली आणि पाश्चात्य ऑपेराचाहि अभ्यास केला. मुंबईस जाझ नवें नव्हतें. १९३५ च्या सुमारास ताजमहाल हॉटेलांत अमेरिकन वादकांचे ताफे वाजूं लागले होते; पुढें चिक चॉकलेट यांच्यासारख्या गोमंतकीय वादकांनीं तें संगीत आपलेंसें करून हिंदी बोलपटांतहि नेलें. तथापि दोन संगीतें शेजारीं नांदणें निराळें आणि एकाच गळ्यांत त्यांचा संसार होणें निराळें. आमच्या देहूरोडसारख्या छावणीच्या गांवीं बँड आणि टाळमृदंग दोन्ही कानांवर पडतात. म्हणून कांहीं त्यांचें लग्न लागत नाहीं.

अमेरिकेंत गेल्यावर श्रीमती पुथली यांस ऑर्नेट कोलमन या सॅक्सोफोनवादकाबरोबर गाण्याचा योग आला. १९७१ मध्यें मुद्रित होऊन १९७२ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘सायन्स फिक्शन’ या ध्वनिमुद्रिकेंत ‘व्हॉट रीझन कुड आय गिव्ह’ आणि ‘ऑल माय लाइफ’ हीं दोन गीतें त्यांचीं आहेत. सामान्य जाझमध्यें वादक कितीहि मोकळा वाजवो, त्याच्या पायांखालीं कॉर्डांची, म्हणजे एकदम वाजणाऱ्या सुरांच्या जुडग्यांची, ठरलेली मालिका असते. कोलमन यांनीं १९६० च्या सुमारास हा आधारच काढून घेतला व सुरावटीस स्वामित्व दिलें. आतां, एकट्या सुरावटीवर सारा इमला उभारणें ही तर आपल्या रागसंगीताची जुनीच रीत! अनेक अमेरिकन श्रोत्यांस जें अराजक वाटलें, तें ख्याल शिकलेल्या गळ्यास एका अर्थीं घरचें होतें. परंतु एका अर्थींच. कारण तेथें टेकावयास तंबोऱ्याचा षड्ज नाहीं आणि परतावयास सम नाहीं.

या निराधार जागीं त्या कशा गातात हें ऐकण्यासारखें आहे. सूर लांब, त्यांतील अंतरें मोठीं, आणि वाद्यांबरोबर तीच सुरावट. एका सुरावरून दुसऱ्यावर जातांना मिंडेची पुसट आठवण होते. तिचें प्रदर्शन मात्र होत नाहीं. त्याच्या थोडें आधीं पाश्चात्य गाण्यांत सतारीचे चार सूर पेरण्याची टूम निघाली होती. श्रीमती पुथली यांनीं अशी झूल पांघरली नाहीं. तालीम त्यांच्या श्वासांत आहे, पोषाखांत नाहीं. उणें दाखवावयाचें तर इतकेंच कीं, बांधलेल्या सुरावटीपलीकडे मोकळ्या उपजेस त्यांना तेथें फारसा अवसर मिळालेला नाहीं.

पुढें त्या लोकप्रिय गीतांकडे वळल्या. १९७६ च्या ‘द डेव्हिल इज लूज’ या मुद्रिकेंतील ‘स्पेस टॉक’ हें गीत नृत्यगृहांत गाजलें. ही अधोगति होय असा निर्णय देण्याचा मोह पंडितांस होईल. आम्हांस तो अर्धाच मान्य आहे. सुराची जोखीम येथें कमी झाली, हें खरें. पण कुजबूज आणि नि:श्वास हेहि गळ्याचें द्रव्य आहे, ही जाणीव वाढली. तथापि नाचाचा एकसुरी ठेका त्या गळ्यास पुरेसें आव्हान देत नाहीं, असेंच आमचें मत आहे.

आपल्या घरांतून मुलामुलींस गाण्याची तालीम मिळते, ती बहुधा कुंपण म्हणून. परका सूर कानीं पडला तर शिकलेलें बिघडेल, अशी पालकांस धास्ती असते. पक्की तालीम इतकी ठिसूळ नसते, हें या दोन छोट्या गीतांवरून दिसतें. कच्च्या तालमीस मात्र कुंपणानेंहि तारतां येत नाहीं.