मणका, मज्जातंतू आणि एक दावा

मणक्यांवर हाताने दाब किंवा झटका देऊन करावयाच्या एका उपचारपद्धतीला 'कायरोप्रॅक्टिक' म्हणतात. अमेरिकेतील आयोवा राज्यात, डेव्हनपोर्ट या गावी डॅनियल डेव्हिड पामर यांनी १८९५ साली ती सुरू केली. या पद्धतीचा पाया पाठीच्या कण्याच्या सखोल ज्ञानावर उभा आहे, असे तिचे समर्थक सांगतात. उपचार करणाऱ्याला कण्याची रचना नीट माहीत हवी, हे निर्विवाद. परंतु बोटे कोठे ठेवावीत एवढेच सांगून हे ज्ञान थांबत नाही. मूळ दावा खरा की खोटा, याची कसोटीही त्यातूनच मिळते.

प्रथम दावा पाहू. हार्वे लिलार्ड हा पामर यांचा पहिला रोगी. तो सतरा वर्षे बहिरा होता. त्याचा जागेवरून हललेला मणका आपण ढकलून बसवला आणि त्याला ऐकू येऊ लागले, असे पामर यांनी लिहून ठेवले आहे. १९१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात तर शंभरातील ९५ रोगांचे मूळ सरकलेल्या मणक्यांत असल्याचे प्रतिपादन आहे. मणका सरकतो, मज्जातंतूवर परिणाम होतो आणि तो तंतू ज्या अवयवाला जातो तो अवयव बिघडतो, अशी ही साखळी.

आता शाळेच्या पुस्तकातील आकृती समोर घ्या. मेरुरज्जूपासून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या ३१ जोड्या मणक्यांमधील फटींतून बाहेर पडतात. कवटीतून निघणाऱ्या १२ जोड्या निराळ्या. ऐकण्याचा मज्जातंतू या बारांपैकी आठवा. आतील कानापासून मेंदूच्या खोडापर्यंतचा त्याचा सारा प्रवास कवटीच्या आतच होतो. पाठीच्या मणक्यांच्या फटींशी त्याचा संबंध येत नाही. दहावी जोडी हृदय, फुप्फुसे व जठरापर्यंत पोहोचते, पण तीही या फटींतून जात नाही. म्हणजे साखळीची पहिलीच कडी आकृतीत सापडत नाही.

दुसरी कडी अवयवांची. १९५४ साली बॉस्टन येथे मूत्रपिंडाचे आणि १९६७ साली केपटाऊन येथे हृदयाचे यशस्वी रोपण झाले. रोपण करताना रक्तवाहिन्या जोडतात. तुटलेले मज्जातंतू जोडत नाहीत. तरीही मूत्रपिंड रक्त गाळते आणि हृदय धडधडते. तंतू पूर्ण तुटूनही जो अवयव काम करतो, तो तंतूवरील किंचित दाबाने रोगट होतो, असे मानायला सबळ पुरावा लागेल.

येल विद्यापीठातील शरीररचनाशास्त्रज्ञ एडमंड क्रेलिन यांनी हा प्रश्न प्रयोगाने तपासला. काही तासांपूर्वी मृत्यू पावलेल्या व्यक्तींचे सहा कणे घेऊन त्यांनी ते यंत्राने दाबले, वाकवले व पिळले. फटीतील मज्जातंतूवर हाडाचा दाब येत नाही, असे त्यांना आढळले. हे काम १९७३ साली प्रसिद्ध झाले. सहा कणे म्हणजे अंतिम शब्द नव्हे, आणि जिवंत माणसाचा कणा वेगळा असतो, हेही ध्यानात ठेवावे.

मज्जातंतू दबतच नाहीत, असा याचा अर्थ मात्र नाही. दोन मणक्यांमधील चकती फुगली की कमरेतील मज्जातंतूचे मूळ दबते. पण त्याची लक्षणे नकाशाबरहुकूम दिसतात : पाचव्या कटिमणक्याखालून निघणारे मूळ दबले तर पायाचा अंगठा वर उचलताना जोर कमी पडतो. त्यामुळे बहिरेपणा येत नाही. कंबरदुखीवर हस्तोपचाराने काहींना आराम पडतो. तो व्यायामादी अन्य उपचारांच्या जवळपास असतो, असे चाचण्यांत दिसले आहे. परंतु दुखणे कमी झाले म्हणून मूळ सिद्धान्त खरा ठरत नाही. ब्रिटनमधील कायरोप्रॅक्टिकच्या नियामक परिषदेनेच २०१० साली 'सरकलेला मणका हे रोगाचे कारण' ही कल्पना केवळ ऐतिहासिक असून तिला संशोधनाचा आधार नाही, असे जाहीर केले.

रचनेचे ज्ञान जिवाशी कसे निगडित आहे, हे मानेत दिसते. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या वरच्या सहा मणक्यांच्या बाजूच्या छिद्रांतून चढतात आणि पहिल्या मणक्यावर वळसा घेतात. मान झटक्याने फिरवल्यानंतर ही धमनी आतून फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. असे क्वचितच घडते. शिवाय काहींची मान दुखत होती ती धमनी आधीच फाटल्यामुळे, अशीही शक्यता असल्याने कार्यकारणभावावर वाद आहे. तरीही ही वाट माहीत असलेला माणूस मानेला झटका देण्यापूर्वी दहा वेळा विचार करील.

शिक्षकांनी ही आकृती नावे लिहून घेण्यापुरती ठेवू नये. 'मणका सरकला', 'शीर दबली' हे शब्द मुले घरी ऐकतात. आपल्या बोलीत 'शीर' म्हणजे रक्तवाहिनीही आणि मज्जातंतूही. तेव्हा मुलांना विचारावे : शीर म्हणजे नेमके काय? ती कोठून निघते, कोठे जाते? ती दबली तर मुंग्या कोठे येतील? असे प्रश्न विचारायची सवय लागलेला मुलगा उद्या कोणाच्याही भिंतीवरचा रंगीत तक्ता पाहून लगेच मान पुढे करणार नाही.