गोडसे भटजींचा जमाखर्च

वर्सोव्यास भाड्याच्या घरात राहणाऱ्या तरुण मंडळींच्या तोंडी हल्ली एक विचार वारंवार ऐकू येतो. समुद्राजवळच्या दोन खोल्यांपायी निम्मी मिळकत घालविण्यापेक्षा घरच सोडावे, मोटारीत बिऱ्हाड थाटावे आणि बारा महिने फिरत राहावे! आकडेही तयार असतात: पेट्रोल इतके, जेवण इतके, भाडे शून्य. हे गणित चूक आहे असे आम्ही म्हणत नाही. मात्र ते मांडण्यापूर्वी ह्या मंडळींनी विष्णुभट गोडसे ह्यांचा 'माझा प्रवास' एकवार वाचावा, अशी आमची शिफारस आहे.

ह्या पुस्तकाकडे आपण आजवर सत्तावनच्या बंडाची हकीकत म्हणूनच पाहत आलो, आणि झाशीचा पाडाव डोळ्यांनी पाहिलेल्या मनुष्याचे लेखन म्हटल्यावर ते साहजिकच होते. परंतु भटजी बंड पाहावयास निघाले नव्हते. पेणजवळील वरसई गावी घराला कर्ज झाले होते. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार, तेथे दक्षिणा विपुल मिळणार, अशी वार्ता आली. म्हणून काका रामभट ह्यांच्यासह ते १८५७ साली उत्तरेची वाट चालू लागले. तेव्हा आमच्या मते हा ग्रंथ प्रथम एका कर्जदार कुटुंबाचा जमाखर्च आहे. बंड त्यात मागाहून शिरले.

ह्या जमाखर्चाची खर्चाची बाजू पाहावी तो ती जवळजवळ कोरी! कोणा गृहस्थाच्या घरी उतरावे, पंक्तीस बसावे, अनुष्ठान करावे, दक्षिणा घ्यावी. ह्यास काटकसर म्हणणे धाडसाचे होईल. भटजींचे भाडे आणि शिधा दुसरे कोणी भरीत होते, व तेही त्यांची जात पाहून. त्याच वाटेने जाणाऱ्या वडारास किंवा लमाणास त्या ओसरीवर पान मिळाले नसते. स्वस्त प्रवासाच्या प्रत्येक अंदाजपत्रकात असा एक अदृश्य यजमान असतो. आजच्या मंडळींनी आपला कोण, हे शोधून पाहावे.

जमेची बाजू अधिक करुण आहे. घरचा पैसा पेटीत राहतो. वाटेवरचा अंगावर वागवावा लागतो. मिळाले ते लुटीत जावे, पुन्हा मिळवावे, पुन्हा जावे, असा क्रम चालतो. १८५८ साली झाशी पडली तेव्हाचे वर्णन वाचताना जीव वाचल्याचा आनंद आणि गाठोडे गेल्याचे दुःख ही दोन्ही शेजारी शेजारी बसलेली दिसतात. भटजी त्यांतले एकही लपवीत नाहीत. त्यांच्या लेखणीचा मोठेपणा आम्हांस येथे वाटतो. अखेर घरी आली ती मनात धरलेली रक्कम नव्हे, तर गंगोदकाची कावड. त्या जलाने त्यांनी आईबापांस स्नान घातले. कर्जाच्या वहीत ह्या स्नानाची किंमत मांडता येणार नाही. पण पुस्तकातील निर्भेळ सुख म्हणून बोट दाखवावयाचे झाल्यास आम्ही तेथेच दाखवू.

एक उणीव मात्र सांगणे भाग आहे. वरसईस मागे राहिलेल्यांनी, विशेषतः घरातील स्त्रियांनी, हा काळ सावकारास तोंड देत कसा काढला, ह्याविषयी भटजी फारच थोडे बोलतात. वर्सोव्याच्या कोळीवाड्यात असे चालावयाचे नाही. नाखवा बर्फ, डिझेल आणि शिधा भरून समुद्रावर जातो, आणि इकडे मासळी विकणारी कोळीण घरचा हिशेब सांभाळते. बोटीचा ताळेबंद तिला विचारल्यावाचून पुरा होत नाही. भटजींच्या वहीतील हे पान आपण कल्पनेनेच भरावयाचे आहे.

हे लेखन भटजींनी चिंतामण विनायक वैद्य ह्यांच्या आग्रहावरून केले, आणि वैद्यांनी ते १९०७ साली आपल्या हाताचे संस्कार करून छापले. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदार ह्यांनी सिद्ध केलेली आवृत्ती १९६६ सालची. वैद्यांची भाषा अधिक सफाईदार आहे खरी. परंतु पैशाच्या चिंतेत सफाई कसली? वाचकांनी पोतदारांचीच प्रत मिळवावी.