‘समाजस्वास्थ्य’नंतरचे देहविषयक मराठी गद्य : एक टिपण

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये सुरू केलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचे मूल्यमापन प्रामुख्याने संततिनियमन व स्त्रीस्वातंत्र्य या अंगांनी झाले आहे. देहाविषयी निर्विकारपणे बोलण्याची जी सवय त्यांच्या गद्याने मराठीला लावू पाहिली, तिचा विचार त्या मानाने उपेक्षित राहिला. वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरूनच १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. तरीही कर्वे यांना २०० रुपये दंड झाला.

मात्र या गद्याचा भर प्रौढ वाचकावर आहे. मुलग्याचा वाढता देह त्यात कडेलाच राहतो, आणि पुढील आरोग्यविषयक मराठी लेखनाने ही उणीव भरून काढली असे प्रस्तुत लेखिकेस वाटत नाही.

एकच उदाहरण पुरे. नवजात मुलाच्या शिश्नाची अग्रत्वचा आतील भागास चिकटलेली असते. डग्लस गेर्डनर यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये दाखवून दिले की जन्मतः ती केवळ ४ टक्के मुलांत मागे सरते. पुढे ती वाढीबरोबर आपोआप सुटते. काहींच्या बाबतीत त्यास पौगंडावस्था उजाडते. बळजबरीने ती मागे ओढल्यास चिरा पडून व्रण राहतो आणि जी नव्हती ती व्याधी निर्माण होते. आपल्याकडे मात्र ‘फायमोसिस’ हे रोगनाम रुळले. निरोगी अवस्थेस रूढ मराठी नाव मिळालेच नाही. ज्यास नाव नाही ते घरात दोष ठरते.

याउलट वृषण अंडकोशात उतरलेले नसल्यास ‘मोठेपणी उतरेल’ हा दिलासा घातक होय. सहा महिन्यांनंतर ते आपोआप उतरण्याची शक्यता फारच कमी असते व शस्त्रक्रिया साधारणतः दीड वर्षाच्या आत व्हावी लागते. म्हणजे एके ठिकाणी थांबणे हाच उपचार, तर दुसऱ्या ठिकाणी थांबणे हीच हानी. ‘शूची जागा’ या एकाच सोवळ्या शब्दप्रयोगात हा भेद मावत नाही.

सोलापुरात तर अनेक घरांची बोली तेलुगू वा कन्नड, शाळा मराठी आणि केसपेपर इंग्रजी. आईला डॉक्टरांपुढे नेमके काय विचारावे यासाठी तिन्हींपैकी एकाही भाषेतला शब्द सहज जिभेवर येत नाही.