पद कोणाचे? — ‘रॉक मशीन’ आणि त्याचा एक चाहता

एखाद्या गायकावर किंवा वाद्यवृंदावर आपली ‘भक्ती’ आहे, असे आपण सहज बोलून जातो. देवळाच्या ओट्यावर खेळत वाढलेल्या माणसाने तरी हा शब्द इतका स्वस्त करू नये. नवविधा भक्तीत श्रवणाला पहिले स्थान आहे हे खरे; परंतु पहिले स्थान म्हणजे पहिली पायरी, गाभारा नव्हे. ऐकलेल्याचे ऐकणाऱ्याच्या ठायी पुढे काय झाले, यावरच श्रवणाचे मोल ठरते. १९८४ साली मुंबईत स्थापन झालेल्या ‘रॉक मशीन’ या वाद्यवृंदाचा प्रस्तुत लेखक १९८९ पासूनचा चाहता आहे. त्या संगीताचे, आणि त्याबरोबरच आपल्या चाहतेपणाचे, परीक्षण करण्याचा येथे विचार आहे. चाहत्याचे परीक्षण निःपक्षपाती नसते हा आक्षेप मान्य. पण ज्याला ते संगीत कधी भावलेच नाही, त्याचे परीक्षण तरी पुरते कसे पडावे?

प्रथम हे संगीत आमच्यापर्यंत पोहोचले कसे, ते सांगितले पाहिजे. आमचे लोधीखेडा सौंसर तालुक्यात, नागपूरहून छिंदवाड्यास जाणाऱ्या रस्त्यावर. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. २०२३ साली पांढुर्णा व सौंसर हे तालुके मिळून स्वतंत्र जिल्हा झाला. घरात मराठी, शाळेत हिंदी, शेतात संत्री आणि कापूस, व नवस बोलायला जामसावळीचा निजलेला हनुमान, असे आमचे जग. त्यात इंग्रजी रॉक संगीत आले ते नॅरोगेजच्या गाडीने. नागपूरला सीताबर्डीवर घेतलेली एक कॅसेट खिशात घालून मी त्या चिमुकल्या, रेंगाळणाऱ्या गाडीने घरी परतलो होतो. ती गाडी २०१५ साली बंद झाली, मार्ग रुंद झाला. कॅसेट मात्र अजून आहे.

वडील मारुतीच्या देवळातील भजनी मंडळात खंजेरी वाजवीत. त्यांनी ओसरीवर बसून त्या कॅसेटची एक बाजू शेवटपर्यंत ऐकली. मला वाटले, आता कानउघाडणी होणार. ते एवढेच म्हणाले, “ताल पक्का आहे. पण पद कोणाचे? यांचे स्वतःचे, की दुसऱ्याचे उचललेले?” मी अभिमानाने सांगितले, “यांचे स्वतःचे.” ते थोडा वेळ गप्प राहिले आणि उठता उठता म्हणाले, “मग यांचे गाव कोणते, ते काही कळले नाही.” त्या वेळी मला हा खेड्यातल्या माणसाचा भाबडा प्रश्न वाटला. एखाद्या समीक्षकाने विचारावा असा तो नेमका प्रश्न होता, हे उमगायला पुष्कळ वर्षे जावी लागली.

माझ्या अभिमानाला कारण नव्हते असे नाही. त्या काळी आपल्याकडील बहुतेक रॉक वाद्यवृंद परदेशातील गाजलेली गीते हुबेहूब वाजवीत, आणि मूळ ध्वनिमुद्रिकेशी वाजवणे किती जुळते, यावर श्रोते टाळ्या देत. आरंभी ‘रॉक मशीन’नेही तेच केले. परंतु १९८८ साली ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा त्यांचा संग्रह निघाला तो स्वतःच्या रचनांचा. मुंबईच्या धोबी तलावाजवळील रंगभवनात उघड्या आकाशाखाली हे संगीत ऐकायला विद्यार्थी गर्दी करीत. या वृंदात त्या काळात वाजविणाऱ्यांची नावे पाहावीत: गायक उदय बेनेगल, गिटारवादक महेश तिनईकर व जयेश गांधी, बेस गिटारवर मार्क सेल्विन, ड्रमवर मार्क मेनेझिस, कळफलकावर झुबिन बलपोरिया. यांतली काही आडनावे आपल्या वाचकांना शेजारच्या घरची वाटतील. किनाऱ्यावरच्या वाड्या सोडून मुंबईस आलेल्या कुळांची, आणि मुंबई ज्यांनी घडवली त्या अनेक समाजांची, ही सरमिसळ आहे.

तथापि वडिलांच्या पहिल्या प्रश्नालाच एक शंका घेता येते. भजनी मंडळ तरी स्वतःची पदे कोठे गाते? साडेतीन शतके लोटली तरी तुकोबांचेच अभंग गायिले जातात, आणि त्यात कोणाला उणेपणा वाटत नाही. मग दुसऱ्याचे गीत वाजविणाऱ्या वाद्यवृंदाला नक्कल करणारा का म्हणावे? माझ्या मते भेद येथे आहे. भजनी गातो ते शब्द दुसऱ्याचे असतात, पण त्यांतले जगणे त्याचे स्वतःचे असते. दुष्काळ, कर्ज, घरची आजारपणे आणि विठ्ठलाशी भांडण, यांतले काहीही त्याला उसने घ्यावे लागत नाही. नक्कल करणाऱ्या वृंदाचे शब्दही उसने आणि जगणेही उसने. आमच्या भागात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजेरीचे जे अपूर्व स्वागत झाले, त्याचेही इंगित हेच. त्यांनी पदे स्वतः रचली, मराठीत रचली आणि हिंदीतही रचली. पण दोन्ही भाषांत त्यांचे गाव दिसत राही. तेव्हा वडिलांचे प्रश्न मुळात दोन होते: पद कोणाचे, आणि गाव कोणाचे. पहिल्याचे उत्तर मिळाले म्हणजे दुसऱ्याचे मिळालेच असे नव्हे.

या कसोटीला लावले असता ‘रॉक अँड रोल रेनेगेड’चे यश अर्धे आहे, असे आज म्हणावे लागते. वादनातील आत्मविश्वास निर्विवाद आहे. गिटारचा ठसठशीत आरंभ, त्यामागून येणारी कळफलकाची भरदार पार्श्वभूमी, वरच्या पट्टीत न डगमगणारा आवाज आणि घट्ट ताल, यांत कोठेही होतकरूपणाची सबब पुढे करावी लागत नाही. पण गीतांतला नायक कोण? नावातच ज्याचा उल्लेख आहे तो बंडखोर कोणत्या सत्तेविरुद्ध बंड करतो? तो मुंबईच्या लोकलने प्रवास करणारा, परीक्षेच्या निकालाची धास्ती घेतलेला तरुण नव्हे. तो अमेरिकेच्या लांब रस्त्यांवरून चालत आलेला आहे. रचना स्वतःची होती, जगणे अजून पाहुण्याचे होते. १९९० च्या ‘द सेकंड कमिंग’मध्ये बांधणी अधिक सफाईदार झाली, आवेश थोडा निवळला, परंतु गावाचा पत्ता तेथेही पुरता लागत नाही. हे मी त्या काळी कोणाला म्हणू दिले नसते. चाहत्याच्या निष्ठेत एक वकील दडलेला असतो, आणि आपल्या अशिलाविरुद्धचा पुरावा त्याला दिसतच नाही.

पुढे १९९३ साली या मंडळींनी आपले नावच बदलले. ‘रॉक मशीन’चे ‘इंडस क्रीड’ झाले: यंत्र गेले, सिंधू आली. त्याच वर्षी ‘प्रिटी चाइल्ड’ या त्यांच्या गीताच्या चित्रफितीला एम.टी.व्ही.चा पुरस्कार मिळाला, आणि १९९५ साली नव्या नावाचा संग्रह निघाला. त्यात जुना दणदणाट ओसरला होता. चाली अंतर्मुख झाल्या होत्या, आणि आपल्याकडील सुरांची सावली अधूनमधून पडू लागली होती. माझी प्रतिक्रिया काय झाली? मी रुसलो. उत्सवमूर्तीची वस्त्रे बदलली म्हणून दर्शनाला न जाणाऱ्या भाविकासारखा मी तो संग्रह दोनदा ऐकून बाजूला ठेवला, आणि जुनी कॅसेट पुन्हा पुन्हा वाजवीत राहिलो. याला मी निष्ठा म्हणत होतो. वास्तविक ती माझ्या सतरा-अठराव्या वर्षाची पूजा होती; त्या वाद्यवृंदाकडून मला संगीत नको होते, माझे गेलेले वय परत हवे होते. १९९७ साली ‘इंडस क्रीड’ मोडले, तेव्हा मला दुःखाबरोबर एक ओंगळ समाधानही वाटले, हे कबूल केले पाहिजे.

याच सुमारास चाहतेपणाचा एक वेगळा नमुना आमच्यासारख्याच हिंदी मुलखात घडत होता. १९९३ साली अलाहाबादहून अमित सैगल यांनी ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ हे नियतकालिक सुरू केले. मुंबई-दिल्लीच्या बाहेर बसून, देशभर विखुरलेल्या वाद्यवृंदांची नोंद ठेवणे, त्यांची एकमेकांशी आणि श्रोत्यांशी गाठ घालून देणे, हे काम त्यांनी २०१२ साली गोव्याच्या समुद्रात त्यांचा अंत होईपर्यंत केले. मी श्रवणावर थांबलो होतो. त्यांनी श्रवणाची सेवा केली. देवळाचा व्यवहार जाणणाऱ्या वाचकांना हा फरक अधिक सांगायला नको. आरतीला मोठ्याने ओरडणारा एक असतो, आणि पहाटे उठून समईत तेल घालणारा दुसरा असतो.

२०१० साली उदय बेनेगल व महेश तिनईकर यांनी नव्या-जुन्या सोबत्यांसह ‘इंडस क्रीड’ पुन्हा उभे केले, आणि २०१२ साली ‘इव्हॉल्व्ह’ हा संग्रह काढला. तो ऐकताना मला प्रथमच वाटले की, हे लोक कोणाला प्रभावित करण्यासाठी वाजवीत नाहीत. गीते घाई करीत नाहीत. ताल वळणे घेतात. आवाजात वय उतरले आहे आणि ते लपविण्याची धडपड नाही. मग मी १९९५ चा टाकून दिलेला संग्रह पुन्हा काढला. वीस वर्षांपूर्वी ज्याला मी पडते पाऊल समजलो होतो, तीच खरी वाट होती. सगळ्याच जागा साधलेल्या नाहीत. कोठे कोठे देशी रंग वरून लावल्यासारखा वाटतो, हेही खरे. पण ज्यांच्या घरात आजी एक भाषा बोलते, रस्ता दुसरी, आणि मनातले मनात स्वतःशी बोलणे तिसऱ्याच भाषेत चालते, अशा मुंबईकर तरुणांचे जगणे त्यात आहे. इंग्रजी ही त्यांची ओढूनताणून आणलेली भाषा नव्हती. ती त्यांच्या घराची एक खोली होती. घरी मराठी आणि फळ्यावर हिंदी घेऊन वाढलेल्या लोधीखेड्याच्या माणसाला हे इतक्या उशिरा कळावे, याचेच नवल वाटते.

तेव्हा निकाल असा: ‘रॉक मशीन’ने आम्हाला स्वतःचे पद गाण्याचे धाडस दाखविले, आणि त्याबद्दल त्याचे ऋण मोठे आहे, परंतु त्या पदाला गाव मिळाले ते ‘इंडस क्रीड’ झाल्यावर. चाहत्यांनी पहिल्यावर प्रेम करावे, पण दुसऱ्याला ऐकावे.

वडील आज नाहीत. त्यांची खंजेरी देवळातल्या कपाटात आहे, आणि एकादशीला ती दुसऱ्या कोणाच्या तरी हातात वाजते. १९९५ चा तो संग्रह त्यांना एकदा ऐकवायला हवा होता. ओसरीवर बसून त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला असता, तर या खेपेस मी गाव सांगू शकलो असतो.