सोलापूरच्या किल्ल्यातील देवालय

सोलापूरचा इतिहास सांगावयास बसलेला लेखक बहुधा किल्ल्याच्या दरवाजापासून आरंभ करतो. बहामनी राजवटीतील बांधकाम, निजामशाही व आदिलशाही यांचे त्यासाठी झालेले झगडे, चाँदबिबीच्या विवाहात विजापूरकरांस मिळालेले हे आंदण, इ. स. १८१८ मध्ये जनरल मन्रोने घेतलेला ताबा, एवढे झाले की त्याची लेखणी थांबते. तटाच्या आत कपिलसिद्ध मल्लिकार्जुनाच्या देवालयाचे जे अवशेष आहेत, त्यांच्या वाट्यास एखादे वाक्य आले तरी पुष्कळ! ही मांडणी आम्हांस उलटी वाटते. किल्ल्याच्या आधी येथे गाव होते, आणि त्या गावास लौकिक मिळवून दिला तो बाराव्या शतकातील सिद्धरामाने.

त्याची हकीकत सांगणारा ग्रंथ मराठी नव्हे. राघवांक कवीचे ‘सिद्धरामचरित्र’ हे जुने कानडी काव्य होय. मल्लिकार्जुनाच्या शोधार्थ एक मुलगा श्रीशैलास जातो, परत येऊन सोन्नलिगे म्हणजे आजच्या सोलापुरास त्या देवाची स्थापना करतो व तलाव खोदवितो, असे त्यात वर्णन आहे. असली काव्ये चमत्कारांनी भरलेली म्हणून बाजूस सारण्याची आपल्याकडे चाल आहे. चमत्कार खुशाल वगळावे. परंतु तलाव खणणे हीच देवपूजा मानणारी वृत्ती त्यात दिसते, ती तवारिखांत कोठून सापडणार?

याहून मोलाची साक्ष टीकाकाराची आहे. पंधराव्या शतकातील ‘शून्यसंपादने’ या ग्रंथात अल्लमप्रभू सोन्नलिगेस येऊन सिद्धरामास दगडमातीची कामे करणारा ‘ओड्ड’ म्हणून हिणवितो. देवळे व तलाव बांधण्यात गुंतलेल्यास आत्मज्ञान कसले, असा त्याचा रोख. पुढे सिद्धराम त्याच्यासह कल्याणास बसवेश्वरांच्या मंडळीत जातो. आपल्याच सत्पुरुषावरील इतकी कठोर टीका त्या परंपरेने जपून ठेवावी, हे तिच्या प्रामाणिकपणाचे लक्षण होय.

अल्लमाचे म्हणणे काळाने निम्मेच खरे केले. देवालय मोडले, तलाव मात्र राहिला, आणि तट बांधणारांनीही किल्ल्याच्या एका अंगास त्याच्याच पाण्याचा आसरा घेतला. संक्रांतीस नंदीध्वज आजही अडुसष्ट लिंगांच्या प्रदक्षिणेस निघतात.

म्हणून सोलापूरचा इतिहास लिहू पाहणाऱ्या मराठी लेखकाने फारसी तवारिखांइतकाच कानडी ग्रंथांचाही अभ्यास करावा, अशी आमची सूचना आहे. ज्या गावी दोन्ही भाषा घरोघर नांदतात, त्याचा इतिहास एकाच भाषेच्या आधारे लिहिल्यास त्यात किल्ला येईल, गाव येणार नाही.